चार बाळाजी आणि मी

गेले तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, ऑफिस. आमच्या प्रोजेक्टमध्ये सध्या जुना डेटा साफ करायचं काम चालू आहे. क्लायंटच्या दोन वेगवेगळ्या सिस्टिम्समधून आलेली लाखो गिऱ्हाइकांची नावं. त्यात एकच माणूस दोनदा नोंदला गेला असेल तर तो हुडकायचा आणि दोन नोंदींची एक नोंद करायची. याला आमच्यात ‘डीडुप्लिकेशन’ असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात काम म्हणाल तर तांदूळ निवडण्यासारखं.

नियम मीच लिहिला होता. पहिलं नाव, आडनाव आणि पत्ता जुळला की माणूस एकच. मधलं नाव बऱ्याच ठिकाणी रिकामं होतं, म्हणून ते ऑप्शनल ठेवलं. कोड रिव्ह्यूत कोणी काही बोललं नाही. मग गेल्या आठवड्यात टेस्टिंगमधली पोरगी माझ्या डेस्कपाशी आली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुझ्या नियमाप्रमाणे एका गृहस्थांनी १९९४ मध्ये पेन्शनचं खातं उघडलं आणि २०१६ मध्ये इंजिनिअरिंगसाठी एज्युकेशन लोन काढलं."

आजोबा आणि नातू! एकच नाव, एकच आडनाव, एकच घर.

सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा. का ते शेवटी सांगतो. त्याआधी थोडा इतिहास. त्याशिवाय शनिवार साजरा झाल्यासारखा वाटत नाही :-)

कोणते नाना?

आमचं गाव वाईजवळ. लहानपणी सुट्टीत गेलो की मेणवलीला एक चक्कर व्हायचीच. कृष्णेचा घाट, घाटावरची देवळं, आणि ती प्रसिद्ध घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यातली ही एक. (‘स्वदेस’ पाहिला असेल तर हा घाट तुम्हीही पाहिलाय.) वर मोठा वाडा आहे. आजोबा सांगायचे, "हा नानांचा वाडा."

पुण्यात आत्याकडे गेलो की शनिवारवाड्याजवळ आणखी एक जुना वाडा दिसायचा. नानावाडा. बसमधून जाताना नाना पेठ लागायची. इतिहासाच्या पुस्तकात पेशव्यांच्या धड्यात नाना आणि १८५७ च्या धड्यातही नाना. मी आपली माझ्या बुद्धीने बेरीज केली. नाना नावाचे एक थोर गृहस्थ होते. ते पेशवेही होते, फडणीसही होते, पानिपतावरही होते आणि कानपूरला इंग्रजांशीही लढले. म्हणजे साधारण एकशेचाळीस वर्षं जगले असणार.

थोडक्यात काय, मी इयत्ता चौथीत असतानाच पहिलं डीडुप्लिकेशन केलं होतं, आणि तेही चुकीचं.

तुम्ही हसाल, पण ‘घाशीराम कोतवाल’ पाहून बाहेर पडताना "हे पेशवे असे होते होय!" म्हणणारा मित्र मी स्वतः ऐकलाय. त्या नाटकातले नाना पेशवे नव्हेतच, ते फडणवीस. म्हणजे एका नानाचं पाप दुसऱ्या नानाच्या खात्यावर. मरून दोनशे वर्षं झालेल्या माणसाला काय फरक पडतो म्हणा. पण मला वाटतं, पडतो. माणूस गेल्यावर त्याचं दुसरं काय उरतं? त्याने केलेलं आणि त्याच्या हातून झालेलं. तेवढं तरी योग्य नावावर जमा असावं.

तर आज हिशेब नीट लावू. पण त्यासाठी ‘नाना’च्या मागे जावं लागेल. कारण यातल्या दोन नानांचं खरं नाव ‘नाना’ नव्हतंच. दोघांचं खरं नाव बाळाजी.

दिल्लीला गेलेले दोन बाळाजी

कोकणात बाणकोटची खाडी आहे. खाडीच्या उत्तरेला श्रीवर्धन, दक्षिणेला वेळास (हो, तेच कासवांचं वेळास). श्रीवर्धनला भटांचं घर, वेळासला भानूंचं. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं तेव्हा श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांनी गाव सोडलं आणि घाटावर नशीब काढायला निघाले. त्यांच्या सोबतीला वेळासचे भानू बंधू होते. त्यातल्या एकाचं नाव बाळाजी महादेव.

एक बाळाजी पुढे शाहू महाराजांच्या नजरेत भरले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. दुसरे बाळाजी त्यांच्या बरोबर राहिले. पाच-सहा वर्षांनी दोघेही मराठी फौजेबरोबर दिल्लीला गेले.

दिल्लीत तेव्हा बादशहा फर्रुखसियर आणि त्याचे सूत्रधार सय्यद बंधू यांचं फाटलं होतं. सय्यदांना फौज हवी होती. मराठ्यांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा हव्या होत्या, आणि शाहू महाराजांना आपली आई हवी होती. येसूबाई १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हापासून मोगलांच्या कैदेत होत्या. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं!

फेब्रुवारी १७१९ मध्ये फर्रुखसियरला तख्तावरून ओढून काढण्यात आलं आणि त्या गोंधळात दिल्लीच्या रस्त्यांवर मराठ्यांवर हल्ला झाला. शेकडो माणसं मारली गेली. संताजी भोसले पडले. बाळाजी महादेव भानूही पडले.

बाळाजी विश्वनाथ वाचले. सनदा घेऊन, येसूबाईंना घेऊन परत आले. साताऱ्यात मायलेकरांची भेट झाली. मराठी राज्याचं नशीब पालटणारी ही स्वारी, असं पुस्तकं सांगतात आणि ते खरंच आहे. पण त्या स्वारीत एक बाळाजी गेला आणि एक बाळाजी परत आला, हे पुस्तकात एखाद्या ओळीत येतं. पुढे वर्षभरात, एप्रिल १७२० मध्ये, परत आलेले बाळाजीही सासवडला वारले.

आता गंमत बघा. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव. तो गाजलेला पहिला बाजीराव. त्याला मुलगा झाला तो आजोबा गेल्यानंतर. नाव काय ठेवलं? बाळाजी.

बाळाजी महादेव भानूंचा मुलगा जनार्दन. त्याला १७४२ मध्ये साताऱ्यात मुलगा झाला. नाव काय ठेवलं? बाळाजी.

दिल्लीला गेलेले दोन्ही बाळाजी नातवांच्या रूपाने घरात परत आले. त्यातल्या एकाच्या बाबतीत तर तेवीस वर्षांनी.

लूप

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की कोणी विचारतही नाही का म्हणून. बाजीरावाचंच पाहा. त्याचं मूळचं नाव विसाजी, म्हणजे विश्वनाथाचंच घरगुती रूप. ते त्याच्या आजोबांचं. तर भटांच्या घरातली चार पिढ्यांची यादी अशी होते: विश्वनाथ, बाळाजी, विसाजी, बाळाजी. दोन व्हॅल्यूंचा लूप. (नाना पाटेकरांचं खरं नावही विश्वनाथ. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

मला आधी वाटायचं, लोकांना नावं सुचत नसत. तसं नव्हतं. नाव ही घराण्याची वस्तू होती. घरातलं एखादं तांब्याचं घंगाळ असतं ना, मालक बदलतो, घंगाळ तेच. एक माणूस गेला की त्याचं नाव काही काळ रिकामं राहायचं आणि मग नवीन माणूस त्यात राहायला यायचा.

पण या पद्धतीत एक मोठी तांत्रिक अडचण होती. तिचं नाव आजी.

बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई. नवरा गेल्यावर त्या १७५३ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षं हयात होत्या. बाई साधीसुधी नव्हती. बाजीराव मोहिमेवर असताना घर सांभाळणारी, १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाली तेव्हा वाटेत राजपूत दरबारांनी मानाने उतरवून घेतलेली. एवढी मोठी बाई, पण त्या काळच्या रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव तोंडाने घेणं शक्य नाही. आणि आता घरात रांगणाऱ्या नातवाचं नाव तेच! "बाळाजी, दूध पी" असं ती म्हणणार कशी? सुनेचीही तीच पंचाईत, तिच्या सासऱ्यांचं नाव. म्हणजे मूल ज्या बायकांच्या कडेवर वाढतं, त्यातल्या कोणालाच त्याला त्याच्या नावाने हाक मारता येत नाही.

मग वाट एकच. टोपणनाव. नाना, भाऊ, दादा, अप्पा, तात्या. पेशव्यांच्या घरातली मंडळी आपल्याला याच नावांनी का आठवतात, याचं निम्मं उत्तर मला तरी इथे दिसतं. बाळाजी बाजीराव झाले नानासाहेब, सदाशिवराव झाले भाऊसाहेब, रघुनाथराव झाले दादासाहेब. आणि भानूंचे बाळाजी जनार्दन? तेही नाना.

नावाची टक्कर टाळायला टोपणनाव काढलं आणि टोपणनावांचीच टक्कर झाली. सॉफ्टवेअरमध्ये असलात तर हे दुःख तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पानिपतावर नाना होते का?

हा प्रश्न मुलाखतीत विचारण्याजोगा आहे. बरोबर उत्तर: कोणते?

नानासाहेब पेशवे, म्हणजे बाळाजी बाजीराव, १७४० मध्ये गादीवर आले. आज आपण ज्याला जुनं पुणं म्हणतो त्याचा मोठा भाग त्यांच्या काळात आकाराला आला. पर्वतीचं देऊळ त्यांचं, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत नळाने पाणी आणलं ते त्यांनी. चुकाही मोठ्या केल्या. १७५६ मध्ये इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांचं, म्हणजे आपलंच, आरमार बुडवलं. पानिपतावर ते स्वतः नव्हते. फौज घेऊन उत्तरेकडे येत होते, वाटेत पराभवाची बातमी कळली. थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलत भाऊ सदाशिवराव दोघेही गेले होते. नानासाहेब खचून परत फिरले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले.

दुसरे नाना मात्र १४ जानेवारी १७६१ रोजी प्रत्यक्ष पानिपतावर होते. वय जेमतेम एकोणीस. आई आणि बायको बरोबर, कारण तीर्थयात्रा घडेल म्हणून कुटुंबंही फौजेबरोबर निघाली होती. पराभवानंतर हा मुलगा जीव घेऊन पळाला, पायी, उपाशी. आई त्या धावपळीत गेली ती कायमची. बायको पुढे सुखरूप सापडली. हे सगळं त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आपल्याला वाटलेल्या भीतीसकट. त्या काळच्या मुत्सद्द्याने असं लिहावं याचं मला फार अप्रूप आहे.

म्हणजे ‘नाना पानिपतातून वाचले’ आणि ‘नाना पानिपताच्या धक्क्याने गेले’, दोन्ही वाक्यं खरी आहेत!

पुढे हे फडणवीस नाना चाळीसएक वर्षं जगाला पुरून उरले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर बारभाईंचं कारस्थान त्यांनी आणि सखारामबापूंनी चालवलं. १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई, सगळ्यामागे हे. फडणवीस म्हणजे फडाचा लेखनिक, हिशेबाचा माणूस. तलवार न चालवणारा, म्हणून ‘साडेतीन शहाण्यां’तला अर्धा. मेणवलीचा वाडा यांचा. पुण्यातला नानावाडा यांचा. नाना पेठही यांचीच. १३ मार्च १८०० रोजी ते गेले.

त्या वेळच्या लोकांचा मात्र गोंधळ होत नसे. कारण कागदावर टोपणनावाला फार किंमत नव्हती. आडनावही क्वचितच येई. कागदावर यायचं ते स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी महादेव, बाळाजी बाजीराव, बाळाजी जनार्दन. शिवाय पेशव्याला ‘श्रीमंत’ आणि फडणवीसाला ‘राजश्री’. एवढ्या तीन फील्ड्समध्ये माणूस पक्का ओळखू यायचा. पेशव्यांच्या शिक्क्यातसुद्धा नुसतं बाळाजी नाही, ‘बाळाजी बाजीराव प्रधान’. म्हणजे मी ज्याला ऑप्शनल म्हणून उडवलं, तेच मधलं नाव त्यांची प्रायमरी की होती.

नाव चोरता येतं

नावावर भरवसा ठेवला की काय होतं, हे फडणवीस नानांनी स्वतः पाहिलं. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या मृत्यूबद्दल लोकांचा, विशेषतः त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंचा, विश्वास बसत नव्हता. अशात एक माणूस उगवला आणि म्हणाला, मीच सदाशिवराव भाऊ. दिसायला बराचसा तसाच. हाच तो प्रसिद्ध तोतया, बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण. त्याला पकडून कैदेत ठेवलं होतं, पण १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले आणि हजारोंची फौज त्याच्याकडे झाली. नुसत्या नावावर! शेवटी रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडलं आणि पुण्यात आणून त्याच वर्षी देहदंड दिला.

खरं-खोटं ठरवायला तेव्हा बोटांचे ठसे नव्हते की आधार कार्ड नव्हतं. भाऊसाहेबांना जवळून ओळखणारी माणसं पुढे बसवायची आणि प्रश्न विचारायचे. नाव त्याला पाठ होतं, त्या घरातलं आयुष्य पाठ नव्हतं. पार्वतीबाई मात्र १७८३ मध्ये मरेपर्यंत सौभाग्यलेणं उतरवायला तयार झाल्या नाहीत. नवऱ्याच्या नावाचा माणूस येऊन गेला. नवरा आला नाही.

आणि नावाबरोबर गुण येतात म्हणावं, तर तेही नाही. भटांच्या पेशवाईची सुरुवात १७१३ मध्ये एका बाळाजीने केली. १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं, तेही एका बाळाजीनेच. बाळाजीपंत नातू. चार वर्षं वर शंभर, नाव तेच.

तिसरे नाना

राहिले १८५७ वाले नानासाहेब. यांचं नाव बाळाजी नव्हतं. कागदोपत्री ते धोंडोपंत. जन्म १८२४, कर्जतजवळच्या वेणगावचा. दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं. १८५१ मध्ये बाजीराव ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, वारला आणि इंग्रजांनी त्याची वर्षाची आठ लाखांची पेन्शन पुढे द्यायला नकार दिला. बाकीची कथा तुम्हाला माहीत आहे.

मला रस आहे तो उठाव मोडल्यानंतरच्या भागात. इंग्रजांनी त्यांना पकडण्यासाठी एक लाखाचं इनाम लावलं. पण पकडायचं कोणाला? ‘नानासाहेब’ हे नावच नव्हे, ती घरातली हाक. त्यांच्याबरोबरचे तात्या टोपे, त्यांचं खरं नाव रामचंद्र पांडुरंग. रावसाहेब, बाळासाहेब, सगळ्याच हाका. जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याच्या दप्तरात गुन्हेगारांची यादी म्हणून नाना, तात्या, राव, बाळ अशी पाळण्यातली हाकांची यादी!

नानासाहेब १८५९ मध्ये नेपाळच्या तराईत शिरले आणि नंतर हाती लागले नाहीत. पण ‘नाना’ मात्र सापडत राहिले. १८७४ मध्ये तर खुद्द जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरहून एक माणूस नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या हवाली केला. त्याला कानपूरला नेलं, पूर्वी नानासाहेबांना पाहिलेल्या लोकांना बोलावलं, आणि निष्कर्ष निघाला की हा तो नव्हे. परत तेच. नावाने काम झालं नाही, शेवटी ओळखीचं माणूसच लागलं.

आता माझी गोष्ट

माझं नाव दत्तात्रय. आयटीतल्या आजच्या पोराला हे नाव कसं, असं सगळे विचारतात. आजोबांचं आहे. मी जन्मलो तेव्हा आजोबा चांगले धडधाकट होते, पण आत्याने हट्टाने तेच नाव ठेवलं. त्यामुळे घरात मला या नावाने कोणीच हाक मारली नाही. मी बंड्या. आजी तर इतकी कडक की दत्तजयंतीलासुद्धा "आज गुरुमहाराजांचा जन्म" म्हणायची, दत्त हा शब्द नाही. कॉलेजात जाईपर्यंत मला माझं खरं नाव फक्त हजेरीपुरतं ऐकायची सवय होती.

२०१९ मध्ये आजोबा गेले. मास्तर होते, त्यामुळे आजीला फॅमिली पेन्शन मिळायची होती. ती सात महिने आली नाही. बाबांनी चार चकरा मारल्या, मग एका शनिवारी मी सुट्टी म्हणून आजीला घेऊन त्या ऑफिसात गेलो. क्लार्कने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "दत्तात्रय जिवंत दाखवतायत ना."

मी म्हटलं, "तो मी."

त्यांच्या नवीन सिस्टिममध्ये कोणीतरी कुठल्यातरी दोन याद्या जुळवल्या होत्या. पहिलं नाव, आडनाव, पत्ता. मधलं नाव नव्हतंच घेतलं. आजोबा मेले तरी माझ्या जिवावर जिवंत होते, आणि आजी म्हणूनच विधवा नव्हती. पार्वतीबाईंसारखी, फक्त हिच्या बाबतीत हे कॉम्प्युटरने ठरवलं होतं.

क्लार्क माणूस बरा होता. म्हणाला, आजींचा जबाब लिहून घेतो, मग वर पाठवतो. "आजी, मयताचं पूर्ण नाव सांगा."

आजी गप्प.

"नवऱ्याचं नाव, आजी."

"हा सांगेल," आजी माझ्याकडे बघून म्हणाली.

"तुमच्याच तोंडून हवं. जबाब तुमचा आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजीने माझ्या हातावर हात ठेवला. पदर सारखा केला. समोरच्या भिंतीकडे बघत, शाळेत पाढा म्हणतात तशा आवाजात ती म्हणाली, "दत्तात्रय विष्णू."

आडनाव नाही. नाव आणि बापाचं नाव. बस्स. क्लार्कने लिहून घेतलं.

परत येताना रिक्षात बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं थकली असेल. मग एकदम म्हणाली, "लग्नात उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर आज."

मला काय बोलावं सुचलं नाही. अठ्ठावन्न वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याचं नाव आयुष्यात दुसऱ्यांदा घ्यावं लागलं ते कशासाठी, तर तो मेलाय हे पटवून द्यायला. आणि ते कोणामुळे? कुठल्यातरी ऑफिसात बसलेल्या माझ्यासारख्याच कोणा इंजिनिअरमुळे, ज्याने मधलं नाव ऑप्शनल ठेवलं होतं. पेन्शन पुढच्या दोन महिन्यांत सुरू झाली.

हे सगळं माझ्या घरात घडलेलं. आणि तरी गेल्या महिन्यात मी तोच नियम स्वतःच्या हाताने लिहिला. ती टेस्टिंगवाली पोरगी डेस्कपाशी आली तेव्हा मी उशिरा हसलो, तो यामुळे.

सोमवारी नियम बदलला. आता मधलं नाव जुळल्याशिवाय दोन नोंदी एक होत नाहीत, आणि जिथे मधलं नाव नाही तिथे मशीनने काही करायचं नाही, माणसाने फोन करून विचारायचं. काम दोन आठवडे लांबणार आहे. मॅनेजरने कारण विचारलं. मी दिल्लीपासून सुरुवात करणार होतो, पण त्याचा चेहरा बघून "डेटा क्वालिटी" एवढंच म्हणालो.

असो. उद्या वाईला जाणार आहे. आजी दारात उभी असेल आणि लांबूनच हाक मारेल, "बंड्या, आलास का रे?"

पुढच्या शनिवारी भेटू.